बहिणीचं लेकरू कर्नाटकातून सोलापूरला आणलंय? मग पैशाची मदत अशी मिळवा

आपल्याकडच्या कितीतरी घरांच्या सोयरिकी इंडी, विजापूर, आळंद, अफझलपूरकडं, त्यामुळं तिकडं काही वाईट झालं, आई-बाप गेले की लेकरं मामाकडं नाहीतर आजीकडं इकडंच येतात. माझी भाची आणली तेव्हा आम्ही तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी तिला घेऊन थेट इंडी रोड स्टेशनवर आलो, कागद एक पण घेतला नाही, अन् मग त्याच कागदांसाठी तीनदा परत गेलो.

तर निघायच्या आधीच आई-बाप दोघांचे मृत्यूचे दाखले, पोराचा जन्मदाखला, शाळेचा टीसी, आधार अन् तिकडच्या रेशनकार्डातून नाव कमी केल्याचा दाखला घ्या. हा शेवटचा बहुतेक जण विसरतात, मग इकडच्या कार्डात नाव चढताना अडतं. टीसी अडकला तर शाळा थांबवू नका, आठवीपर्यंत टीसीला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही, आरटीईत म्हणजे शिक्षण हक्क कायद्यात तसं स्पष्ट आहे. अन् पोराला मराठी येत नसेल तर सोलापुरात कन्नड मिडीयमच्या शाळा आहेत की.

आता मेन काम. जिल्हा बाल संरक्षण कक्षात जाऊन सांगा की लेकरू दुसऱ्या राज्यातून आलंय, ते बालकल्याण समितीपुढं (अशा लेकरांबद्दल आदेश देणारी जिल्ह्याची सरकारी समिती) न्यायला सांगतील, घरी येऊन चौकशी करतील, गरज पडली तर तिकडच्या जिल्ह्याकडून पण माहिती मागवतील. कुठं जायचं कळत नसेल तर १०९८ या मुलांच्या हेल्पलाईनला फोन लावा, फुकट आहे. "मी सख्खा मामा, मला कशाला समिती" असं मला पण वाटलेलं, पण समितीचा आदेश हातात नसेल तर मदतीची फाईल पुढं सरकतच नाही.

पैशाचे रस्ते दोन. एक राज्याची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना, महिन्याला २,२५० रुपये, १८ वर्षांपर्यंत. दुसरी केंद्राच्या मिशन वात्सल्य या बालसंरक्षण योजनेतली स्पॉन्सरशिप, म्हणजे लेकराच्या खर्चाला पैशाची मदत, महिन्याला ४,००० रुपये, पण तिला उत्पन्नाची अट आहे, खेड्यात वर्षाला ७२,००० अन् शहरात ९६,००० च्या आत. इथं एक घोळ होतो, लोक "फोस्टर केअर" मागतात, पण कायद्यातलं ते मुलाच्या स्वतःच्या कुटुंबाबाहेर ठेवण्यासाठी, नातेवाइकांकडच्या अनाथ लेकराला स्पॉन्सरशिपच म्हणायचं. तुमच्या केसला कुठली बसते ते कक्षातच विचारा.

तहसीलचा उत्पन्नाचा दाखला सेतूतून काढा, शाळेचा बोनाफाईड घ्या, पोराच्या नावानं बँकेत खातं काढून आधार लिंक करा. नावाचं स्पेलिंग नीट बघा, भाचीचं आडनाव दाखल्यावर एक अन् आधारला एक होतं, तेवढ्यावर दोन महिने गेले. अन् रक्कम दर एक तारखेला पडेल असं धरून दुकानात उधारी करू नका, आमची पहिली पाच महिन्यांची एकदम आली.