ज्वालामुखी शिकायचाय? आधी समुद्राचा तळ बघा

गोव्यात जिऑलॉजी करणारी मुलं हल्ली विचारतात, ज्वालामुखींवर काम करायचंय तर सुरुवात कुठून करू. माझं स्पष्ट मत, डोंगर नंतर, आधी त्याच्या समोरचा समुद्रतळ बघा.

एमएस्सीला असताना ताळगावच्या लॅबमध्ये मी जिओमॅपॲप हे फुकटचं सॉफ्टवेअर उघडून पेरूचा किनारा लावला, त्यावर ज्वालामुखींचे ठिपके टाकले, आणि नाझ्का रिज (समुद्रतळावरची लांब डोंगररांग) जिथे खंदकात, म्हणजे समुद्रतळाची प्लेट खंडाखाली जाते त्या खोल चरात, शिरते तिथून आत अँडीजमध्ये बघते तर ठिपकेच नाहीत! दक्षिणेला मात्र रांगच्या रांग. रिजचं कवच जाड आणि हलकं असतं, त्यामुळे प्लेट खोल न जाता बरीच आडवी सरकते असं मानतात, मग वर गरम मॅण्टलला (कवचाखालच्या खडकाच्या थराला) जागाच उरत नाही तर वितळणार काय? चिलीत हुआन फर्नांडेझ रिजच्या पुढेही तसंच.

कॅरिबियनमध्ये गोष्ट वेगळी. लेसर अँटिलिस या ज्वालामुखी बेटांच्या रांगेखाली जाणारी अटलांटिकची प्लेट हळू पसरणाऱ्या रिजवर (इथे रिज म्हणजे नवा समुद्रतळ जिथे बनतो ती रांग) तयार झालेली, तिच्यात लांबलचक फ्रॅक्चर झोन म्हणजे भेगांचे पट्टे, त्या भेगांतून समुद्राचं पाणी आत मुरतं आणि मॅण्टलच्या खडकाचं सर्पेंटाइन हे खनिज होतं, ज्याच्या वजनात जवळजवळ १३ टक्के पाणी. प्लेट खोल गेली की हे पाणी सुटतं, वरच्या मॅण्टलचा वितळणबिंदू खाली येतो आणि मॅग्मा, म्हणजे वितळलेला खडक, बनतो. २०२० मध्ये तिथल्या क्रिस्टलमध्ये अडकलेल्या मॅग्माच्या सूक्ष्म थेंबांतल्या बोरॉनवरून दाखवलं गेलं की यातलं बरंच पाणी सर्पेंटाइनचं आहे. मला तर हे वाचून झोपच आली नाही, एवढ्याशा थेंबात समुद्राच्या भेगेचा पत्ता!

म्हणून पेट्रोलॉजी (खडकांचा अभ्यास) की जिओफिजिक्स (पृथ्वीचं भौतिकशास्त्र) असं करत बसू नका, दोन्ही लागतं. थोडं पायथन शिका, नकाशांसाठी जीएमटी हे सॉफ्टवेअर, खडकांच्या केमिस्ट्रीचा डेटा जिओरॉक या ऑनलाइन डेटाबेसवर फुकट मिळतो. डिझर्टेशनसाठी दोनापावलाच्या एनआयओत (राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत) विचारून बघा, पण जाताना स्वतः केलेला एक नकाशा हातात असू दे, नुसता बायोडेटा नको.

आणि विषय हवाच असेल तर हिंद महासागर घ्या. सुमात्राच्या टोबा ज्वालामुखीखाली इन्व्हेस्टिगेटर फ्रॅक्चर झोन जातो, त्याच टोबाची सुमारे ७४,००० वर्षांपूर्वीची राख आपल्या महासागराच्या गाळात सापडते. त्या झोनचा टोबाच्या मॅग्माशी संबंध किती, यावर अजून भरपूर काम करता येईल.