टार्गेट एसडीके वाढवताना: बिल्ड झाला म्हणजे ॲप चाललं असं नाही

अँड्रॉइड शिकून पहिल्या नोकरीला लागलेल्यांना कोरं, नवं ॲप सहसा मिळत नाही. मिळतं ते तीन-चार वर्षं जुनं, दोघातिघांच्या हातून गेलेलं ॲप. आणि पहिलं काम बऱ्याचदा असं येतं: 'प्लेची मुदत जवळ आलीये, तेवढा टार्गेट एसडीके वाढवून दे.' टार्गेट एसडीके म्हणजे ॲप अँड्रॉइडच्या कोणत्या आवृत्तीच्या नियमांसाठी बनवलंय हे सांगणारा आकडा. ऐकायला एका आकड्याचं काम. नवख्या माणसाच्या हाती देण्याजोगं हे काम अजिबात नाही, तरी ते तुमच्याच हाती येणार आहे, म्हणून हे लिहितेय.

मुदतीचं चक्र तुम्हाला माहीत असेलच. २०१८ पासून प्ले स्टोअरवर नवं ॲप किंवा अपडेट चढवायचं तर ठराविक टार्गेट एपीआय लेव्हल लागते. २०२२ मध्ये अपडेटसाठी १ नोव्हेंबरपासून ३१ लागू झाली, म्हणजे अँड्रॉइड १२. पुढे ३१ ऑगस्ट ही तारीख रुळली: २०२३ ला ३३, २०२४ ला ३४, २०२५ ला ३५ (म्हणजे अँड्रॉइड १३, १४, १५). थोडी मुदतवाढ मागता येते, पण ती मागून काम टळत नाही.

मी अडकले ती ३१ च्या वेळी. आमचं ॲप दूध संस्थांसाठी होतं. सकाळ-संध्याकाळ संकलन, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन पदार्थ) टाकायचं, दर निघायचा आणि ब्लूटूथ प्रिंटरवर पावती छापून द्यायची. २०२२ ची दिवाळी ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात होती. दिवाळीला संस्था सभासदांना दूधदरातला फरक वाटतात, त्यामुळे त्या दिवसांत प्रत्येक जण आपलं खातं उघडून बघत असतो. नेमक्या त्याच सुमाराला, १ नोव्हेंबरच्या आत म्हणून, आमचं अपडेट गेलं. बिल्ड स्वच्छ होता. ऑफिसातल्या सगळ्या फोनवर ॲप नीट चालत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या संकलनाला एका संस्थेच्या सचिवांचा फोन आला, 'मॅडम, उघडतंय आणि लगेच बंद पडतंय. रांग लागलीया हितं.' शेजारच्या गावातल्या संस्थेत तेच ॲप, तीच आवृत्ती, काही तक्रार नाही.

आता नीट वाचा, कारण हे समजलं की निम्मं काम झालं.

टार्गेट एसडीके हा तुम्ही सिस्टीमला दिलेला शब्द असतो: 'या आवृत्तीचे नियम मला ठाऊक आहेत, ते मला लावा.' पण ते नियम लावणारी सिस्टीम वापरणाऱ्याच्या फोनमध्ये असते. त्यामुळे ॲप कसं वागेल हे दोन आकड्यांवर ठरतं, तुमचं टार्गेट आणि त्या फोनचं अँड्रॉइड. जुनं ॲप अँड्रॉइड १२ च्या फोनवर: ठीक, कारण सिस्टीम जुन्या ॲपला सवलत देते. ३१ टार्गेटचं ॲप अँड्रॉइड १० च्या फोनवर: हेही ठीक, कारण त्या फोनला नवा नियम माहीतच नाही. ३१ टार्गेटचं ॲप अँड्रॉइड १२ च्या फोनवर: इथेच कोसळतं. आमचे तपासणीचे फोन १० आणि ११ चे होते. तालुक्याच्या गावात फोन जुने असतात असा आमचा समज, आणि त्या सचिवांच्या मुलानं त्यांना नवा फोन घेऊन दिलेला.

कम्पायलर यात तुम्हाला वाचवत नाही. तो कम्पाइल एसडीके बघतो, म्हणजे कोणत्या आवृत्तीच्या एसडीकेवर कोड बिल्ड होतो तो आकडा. टार्गेटचे बहुतेक नियम ॲप चालू असताना, ती विशिष्ट ओळ गाठली की लागतात. म्हणूनच कम्पाइल आणि टार्गेट हे दोन आकडे एकत्र वाढवू नका. आधी फक्त कम्पाइल एसडीके वाढवा, जे काही लाल होईल ते दुरुस्त करा आणि तेवढंच अपडेट पाठवा. वापरणाऱ्याच्या फोनवर सिस्टीमची वागणूक त्यानं बदलत नाही. टार्गेट नंतर, वेगळ्या आवृत्तीत. दोन्ही एकदम केले आणि काही मोडलं, तर नक्की कशानं मोडलं हे शोधण्यात रात्र जाते.

आमचा क्रॅश होता पेंडिंग इंटेंटचा. पेंडिंग इंटेंट म्हणजे आपल्या वतीनं नंतर एखादं काम करायला सिस्टीमला किंवा दुसऱ्या ॲपला दिलेली चिठ्ठी. ३१ पासून पेंडिंग इंटेंट बनवताना तो म्यूटेबल (नंतर बदलता येणारा) आहे की इम्यूटेबल (न बदलता येणारा) हे फ्लॅग घालून स्पष्ट सांगावंच लागतं, नाहीतर इल्लीगल आर्ग्युमेंट एक्सेप्शन येऊन ॲप बंद पडतं. आमच्या स्वतःच्या कोडमध्ये आम्ही सगळीकडे फ्लॅग घातला होता. तरी क्रॅश, कारण तो आमच्या कोडमध्ये नव्हताच. बाहेरून घेतलेल्या एका एसडीकेनं (तयार कोडच्या संचानं) आपल्याबरोबर एक जुनी लायब्ररी आत आणली होती आणि ती ॲप सुरू होतानाच फ्लॅगशिवाय पेंडिंग इंटेंट बनवत होती. तुम्ही न लिहिलेल्या, ग्रॅडल (ॲप बिल्ड करणारं साधन) फाइलमध्ये नावही नसलेल्या लायब्ररीलाही तुमचंच टार्गेट लागू होतं. दिलेला शब्द तिच्याही वतीनं असतो. वर्कमॅनेजर या, मागे चालणारी कामं सांभाळणाऱ्या लायब्ररीच्या २.७.० च्या आधीच्या आवृत्त्यांचं तेव्हा हेच व्हायचं, आणि उपाय होता आपल्या ग्रॅडलमध्ये २.७.० स्पष्ट लिहून जुनीला मागे सारणं. एका ओळीचा उपाय; पण कुणी कुणाला आत आणलंय हे कळल्याशिवाय ती ओळ सुचत नाही. म्हणून टार्गेटला हात लावायच्या आधी ग्रॅडलचं डिपेंडन्सीजचं टास्क चालवून ते सगळं झाड वाचा आणि मॅनिफेस्ट (ॲपचे घटक आणि परवानग्या लिहिलेली फाइल) उघडून खालच्या मर्ज्ड टॅबमध्ये जा. तुमच्या नावावर किती परवानग्या, किती रिसीव्हर, किती सर्व्हिस दुसऱ्यांनी घातल्यात ते तिथे दिसतं. कंटाळवाणं आहे, मान्य. तरी करा.

इथे शॉर्टकटबद्दल माझं ठाम मत सांगते. त्या महिन्यांत सगळीकडे एक सल्ला फिरत होता: सगळीकडे म्यूटेबल टाका, क्रॅश थांबतो. थांबतो, खरं आहे. पण सुरक्षिततेसाठी इम्यूटेबल हीच योग्य निवड असते. नोटिफिकेशनमधूनच उत्तर टाइप करायची सोय अशा मोजक्या ठिकाणी म्यूटेबल लागतं. आणि ३४ टार्गेटला, म्हणजे अँड्रॉइड १४ ला, नवा नियम आला: म्यूटेबल पेंडिंग इंटेंटच्या आतला इंटेंट कोणासाठी आहे हे सांगितलेलं नसेल तर पुन्हा एक्सेप्शन. ज्यांनी आंधळेपणानं म्यूटेबल टाकलं होतं त्यांच्यापैकी बऱ्याच जणांना तोच कोड पुन्हा उघडावा लागला.

सिस्टीमच देते त्या तात्पुरत्या सवलतींचंही तसंच. अँड्रॉइड १० ला स्कोप्ड स्टोरेज (फोनमधल्या फाइल्सवर ॲपला मर्यादित प्रवेश) आलं तेव्हा मॅनिफेस्टमध्ये एक ओळ टाकून जुनी पद्धत चालू ठेवता यायची. ३० टार्गेट केलं की अँड्रॉइड ११ च्या फोनवर त्या ओळीला कुणी विचारत नाही. ३५ ला एज-टू-एज सक्तीचं झालं, म्हणजे ॲपची स्क्रीन स्टेटस बारच्या आणि नेव्हिगेशन बारच्या खालपर्यंत पसरते आणि तळाचं 'जतन करा' बटण तीन बटणांच्या पट्टीखाली जातं. त्यालाही थीममध्ये सवलत होती, ३६ टार्गेट केलं की अँड्रॉइड १६ वर तीही संपते. सवलत घ्यायला हरकत नाही, मीही घेते. पण घेतल्याच दिवशी पुढच्या वर्षाच्या कामांच्या यादीत ती लिहा, नाहीतर तुमच्या जागी येणाऱ्या नव्या मुलाच्या गळ्यात ती पडेल.

एवढं वाचून धास्ती बसली असेल तर थांबा. हे सगळं अंधारात घडत नाही. अँड्रॉइडची प्रत्येक आवृत्ती स्थिर होण्याच्या कितीतरी महिने आधी बीटा येतात आणि अधिकृत दस्तऐवजात बदलांच्या दोन वेगळ्या याद्या असतात. पहिली, सगळ्या ॲप्सना लागू होणारे बदल. दुसरी, ते टार्गेट करणाऱ्यांनाच लागू होणारे. दोन्ही याद्या एका बैठकीत वाचून होतात. पहिली आधी वाचा, कारण तिथे टार्गेट न वाढवताही फटका बसतो. अँड्रॉइड १३ वर नव्यानं इन्स्टॉल झालेल्या कुठल्याही ॲपची नोटिफिकेशन परवानगी मिळेपर्यंत बंद असतात. टार्गेट जुनं असेल तर ती परवानगी कधी विचारायची हेही सिस्टीम ठरवते, साधारणपणे ॲपनं पहिलं नोटिफिकेशन चॅनेल (नोटिफिकेशनचा प्रकार) बनवलं की. 'आपण टार्गेट वाढवलंच नाही, मग आपल्याला काय' असं कुणी मीटिंगमध्ये म्हणालं तर हे उदाहरण सांगा.

फारसं कुणी सांगत नाही असं एक साधन आहे. अँड्रॉइड ११ पासून डेव्हलपर ऑप्शन्समध्ये ॲप कम्पॅटिबिलिटी चेंजेस नावाची स्क्रीन आहे. तुमच्या डीबग बिल्डसाठी तिथे बरेचसे बदल एकेक करून चालू-बंद करता येतात. एडीबीच्या (कॉम्प्युटरवरून फोनला कमांड देणारं साधन) एएम कॉम्पॅट कमांडनंही होतं. पंधरा बदलांमधला नेमका कोणता आपल्याला मोडतोय हे अंदाजानं शोधण्यापेक्षा एकेक बटण दाबून बघा. मला हे उशिरा समजलं आणि समजल्यावर डोक्यावरचा भारच उतरला. सगळे बदल तिथे नसतात, पण पेंडिंग इंटेंटचा तो नियम आहे.

प्रिंटरचं सांगायचं राहिलं. क्रॅश सुटला आणि पावत्या बंद झाल्या. अँड्रॉइड १२ वर ३१ टार्गेट असेल तर जोडलेल्या ब्लूटूथ उपकरणाशी बोलायलाही ब्लूटूथ कनेक्ट ही परवानगी वापरणाऱ्याकडून मागावी लागते, शोधायला ब्लूटूथ स्कॅन वेगळी. स्क्रीनवर त्याचं नाव 'जवळपासची उपकरणं' असं काहीतरी दिसतं. पहाटे पाच वाजता दूध मोजणारा माणूस ती चौकट बघून 'नको' दाबणार, हे गृहीत धरूनच रचना करा. परवानगी का हवी हे आधी आपल्या स्क्रीनवर साध्या मराठीत सांगा: 'पावती छापण्यासाठी प्रिंटर जोडायचा आहे, पुढच्या प्रश्नाला परवानगी द्या.' आमच्याकडच्या निम्म्या तक्रारी या एका वाक्यानं मिटल्या असतील. आणि नकार दिला तरी संकलन अडता कामा नये. छापणं थांबेल, नोंद थांबता कामा नये.

मेंटॉरबद्दल. पैसे घेऊन सहा आठवड्यांत अँड्रॉइड शिकवणारे कोरा प्रोजेक्ट उघडून सुरुवात करतात, ताज्या एमुलेटरवर चालवून दाखवतात आणि तिथेच थांबतात. जुनं ॲप पुढच्या टार्गेटला नेऊन दाखवणारा वर्ग मी अजून बघितलेला नाही. तुमच्या ऑफिसात एखादं ॲप चार-पाच वर्षं सांभाळलेला कुणी असेल, फार न बोलणारा, नव्या फ्रेमवर्कबद्दल उत्साह नसलेला, तर त्याच्या शेजारी बसा. त्यानं क्रॅशचा स्टॅकट्रेस (क्रॅशपर्यंत कोड कुठून कुठे गेला याची यादी) कसा वाचला एवढंच बघितलं तरी पुष्कळ: तो वरची ओळ वाचत नाही, आपल्या पॅकेजचं नाव कुठे आहे आणि कुठे नाही ते आधी बघतो. एआयला विचारायचं तर विचारा, पण उत्तरातला कोड कोणत्या एपीआय लेव्हलसाठी आहे ते दस्तऐवजात पडताळल्याशिवाय चिकटवू नका. जुन्या लेव्हलचा नीटनेटका कोड मला तिथून कितीतरी वेळा मिळालाय.

आणि अपडेट सगळ्यांना एकदम पाठवू नका. कधीच नाही. प्ले कन्सोलमध्ये टप्प्याटप्प्यानं सोडायची सोय आहे. टक्केवारी थोडी ठेवा आणि क्रॅशचे आकडे बघत वाढवा. गडबड दिसली तर तिथेच थांबवता येतं. पण थांबवणं म्हणजे मागे घेणं नव्हे. ज्यांच्या फोनवर मोडकी आवृत्ती पोहोचली त्यांना जुनी परत देता येत नाही, वरच्या व्हर्जन कोडची दुरुस्त आवृत्तीच पाठवावी लागते. म्हणून टार्गेट वाढवण्याआधीचा कोड वेगळ्या ब्रँचवर तयार ठेवा. मुदत उलटून गेली असेल तर जुन्या टार्गेटचं अपडेट प्ले घेतच नाही, मग ती ब्रँचही उपयोगाची नाही. शेवटच्या आठवड्यात हे काम करू नका असं मी सगळ्यांना हात जोडून सांगते ते याच्यासाठी. जूनमध्ये केलं तर चुकायला जागा असते.

सध्या या कामाला बसणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट, १६ केबी पेज साइजची, म्हणजे मेमरी १६ केबीच्या तुकड्यांत वापरणाऱ्या फोनवरही ॲप चालण्याची. अँड्रॉइड १५ आणि पुढचं टार्गेट असलेल्या नव्या ॲप्स व अपडेटसाठी प्लेनं १ नोव्हेंबर २०२५ पासून ती मागायला सुरुवात केली. तुमचा सगळा कोड कोटलिन किंवा जावामध्ये असेल तरी सुटलात असं समजू नका. एपीके ॲनालायझरमध्ये लिब फोल्डर उघडा. तिथे एखादी एसओ फाइल (सी किंवा सी++ कोडची बिल्ड केलेली लायब्ररी) दिसली तर ती कुठून आली ते शोधा. स्वतःची असेल तर एनडीके (असा कोड बिल्ड करायचं साधन) आर२८ नं पुन्हा बिल्ड करा, तिथे १६ केबीची जुळवणी आपोआप होते. ग्रॅडल प्लगइनही ८.५.१ किंवा पुढचं हवं. ती प्रिंटर, स्कॅनर किंवा वजनकाट्याच्या उत्पादकानं कधीकाळी मेलवर पाठवलेली असेल आणि सोर्स कोड तुमच्याकडे नसेल, तर आजच त्यांना लिहा, कारण उत्तर यायला वेळ लागतो आणि कधी येतही नाही. तोवर ते उपकरण साध्या ब्लूटूथ सॉकेटवर थेट बाइट्स पाठवून चालतं का ते तपासा. पावती छापणारे बरेच प्रिंटर ईएससी-पीओएस (पावती प्रिंटरची प्रचलित भाषा) कमांड समजतात, आणि तसं असेल तर ती एसओ फाइल काढून टाकता येते.