गिटारच्या बॉडीवर स्प्रे पेंटला गोल खळगे पडतात? लाखेचा थर द्या

सेकंडहँड इलेक्ट्रिक गिटार. घासून स्प्रे मारला की ओल्या रंगात मसुराएवढे गोल खळगे उघडायचे, तळाशी जुना थर दिसायचा. पुन्हा घासलं, जाड हात दिला, थिनरने पुसलं; खळगे तिथेच. डोकं फिरायची वेळ आली.

कारण सिलिकॉन, चकाकीच्या पॉलिशमधलं. पॉलिश पेपर ते काढत नाही, उलट पसरवतो. म्हणून आधी पुसायचं, मग घासायचं. मिनरल टर्पेंटाइनने भिजलेलं फडकं फिरवा आणि सुकायच्या आत दुसऱ्या कोऱ्या फडक्याने टिपा. फडकी बदलत तीनदा. मग ४०० नंबरने कोरडं घासा. पाणी नको, स्क्रूच्या भोकांतून लाकूड फुगतं.

खरा उपाय लाख; तिचा थर उरलंसुरलं सिलिकॉन रंगापासून अलग ठेवतो. ५० ग्रॅम लाखेचा पापुद्रा ४०० मिली स्पिरिटमध्ये (अल्कोहोलचं, टर्पेंटाइन नव्हे) विरघळवा, दिवसभर ठेवा, वरचं नितळ तेवढं घ्या. लाखेतलं मेण खाली बसतं, त्यावर रंग धरत नाही. तासाभराच्या अंतराने दोन पातळ हात द्या, रात्रभर वाळवा, ४०० नंबर हलकाच फिरवा. नंतर २५ सेंटिमीटरवरून रंगाचा नुसता धुरळा. दहा मिनिटांनी पूर्ण हात.