आई-बाबांना सॉलिटेअरवरून कॉम्प्युटर शिकवताय? या चुका टाळा

विंडोजमध्ये सॉलिटेअर हा पत्त्यांचा खेळ आला १९९० साली, ३.० आवृत्तीबरोबर. करमणुकीसोबत त्याचं आणखी एक काम होतं: बटण दाबून वस्तू ओढायची आणि हव्या जागी सोडायची, हे नवख्या हातांना शिकवायचं. सत्तरीतल्या हातांनाही आधी हेच यायला हवं. म्हणून नुसतं क्लिक केल्यावर पत्ता आपोआप जागी जातो, ती सोय सुरुवातीला वापरू देऊ नका. टचपॅडही नको. तारेचा साधा माउस आणा.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो माउस हिसकावल्याने. आई बदामची सत्ती इस्पिकच्या अठ्ठीकडे ओढत असते. अर्ध्या वाटेत माउस पॅडच्या कडेला पोचतो, ती बटण सोडते आणि पत्ता परत मूळ जागी. तीनदा असं झालं की मुलगा म्हणतो, "अगं दे इकडे," आणि दोन सेकंदांत पत्ता लावून टाकतो. पॅड संपला तर काय करायचं, हे मात्र कोणी सांगतच नाही. बटण दाबलेलंच ठेवून माउस उचलायचा आणि पॅडच्या मध्यावर आणून टेकवायचा. तेवढ्यात बाण जागचा हलत नाही. याचा सराव खेळाआधी रिकाम्या डेस्कटॉपवर घ्या: बटण दाबून ओढलं की चौकोन उमटतो, सोडलं की जातो. अशी दहा मिनिटं पुरतात. त्या वेळी तुमच्या हातात चहाचा कप असू द्या, म्हणजे माउसकडे हात जाणार नाही.

बाण पळत असेल तर माउस सेटिंग्जमध्ये वेग कमी करा. ॲक्सेसिबिलिटीत बाणाचा आकार १ ते १५ असतो, ३-४ ठेवा. स्क्रीनचं स्केल १५० टक्के.

दुसरा घोळ शब्दाचा. "वेगळा रंग लाव," असं सांगितलं की आई किलवरवर इस्पिक ठेवायला जाते, पत्ता परत येतो आणि खेळच बिघडलाय असं तिला वाटतं. तिचं काही चुकलेलं नाही. जन्मभर बदाम सात खेळलेल्या माणसाच्या लेखी किलवर आणि इस्पिक हे दोन वेगळे रंगच. तेव्हा "लालवर काळा, काळ्यावर लाल" असं म्हणा. खालच्या सात रांगांत पत्ते उतरत्या क्रमाने लागतात. वरच्या चार जागा मात्र बदाम सातसारख्या, एकेका रंगाच्या, फक्त सुरुवात सातऐवजी एक्क्यापासून. हे साम्य दाखवलंत की निम्मं काम झालं.

गड्डीतून एकेक पत्ता उघडणारा प्रकार निवडा. तीन-तीनचा लावून देणाऱ्या उत्साही मुलांना हात जोडावेत. सोप्या प्रकारातही काही डाव सुटतच नाहीत, हे आधीच सांगा, नाहीतर "मलाच जमत नाही" सुरू होतं. फ्रीसेल या सॉलिटेअरच्याच दुसऱ्या प्रकारात ही भीती फारच कमी: विंडोजच्या मूळ ३२,००० डावांपैकी न सुटणारा एकच, ११९८२ क्रमांकाचा.

जाहिराती दाखवणारा खेळ नको. बाबा जाहिरातीलाच खेळाचा भाग समजून तिथे क्लिक करतात.

माइनस्वीपर हा सुरुंग शोधायचा खेळ माउसच्या उजव्या बटणाच्या सरावासाठी उत्तम, पण ओढणं जमल्यावरच.

डबल क्लिकसाठी हट्ट नको. दोन क्लिक सावकाश पडले की आयकनचं नाव बदलायची चौकट उघडते आणि माणूस घाबरतो. तेव्हा एस्केप दाबायचं. एरवी एकदा क्लिक करून एंटर दाबलं तरी खेळ उघडतोच.