ओपनिंग डेला रिग्लीवर निघण्याआधी

फेब्रुवारीच्या मध्यावर बेसबॉलची एक बातमी येते: पिचर आणि कॅचर, म्हणजे चेंडू टाकणारे आणि बॅटरमागे तो झेलणारे, सरावासाठी दाखल झाले. आमच्या संघाचा, शिकागो कब्जचा, सराव ॲरिझोनातल्या मेसा गावी चालतो. इथे शिकागोजवळच्या स्कोकीत तेव्हा बर्फ उपसायचं फावडं दाराशीच उभं असतं, आणि टीव्हीवर कोणीतरी अर्ध्या बाहीच्या शर्टात, हिरव्यागार गवतावर चेंडू झेलत असतो. आमच्या घरी तयारीला सुरुवात होते ती त्याच दिवशी.

यंदा ओळखीतली चार मराठी कुटुंबं पहिल्यांदाच आमच्याबरोबर ओपनिंग डेला, म्हणजे मोसमाच्या पहिल्या दिवशी, कब्जच्या रिग्ली फील्ड या मैदानावर येणार आहेत. रोज फोनवर एकेकीला वेगळं सांगण्यापेक्षा सगळं एकदाच लिहून काढते.

सगळ्यात आधी मनाची तयारी. मेजर लीग, म्हणजे इथली सगळ्यात वरची स्पर्धा: तीस संघ, प्रत्येकाचे १६२ सामने, त्यातले ८१ घरच्या मैदानावर. म्हणजे पहिल्या सामन्याच्या निकालाला तसं काहीच वजन नाही. तरीही त्या दिवशी माणसं कामावर रजा टाकतात, पोरांना शाळेतून लवकर काढतात, कारण त्या एका दिवशी सगळ्यांची पाटी कोरी असते. गेल्या वर्षी तळाला राहिलेला संघही बरोबरीत. ४ एप्रिल १९९४ला याच मैदानावर टफी ऱ्होड्स नावाच्या कब्जच्या खेळाडूनं ड्वाइट गुडनसारख्या नावाजलेल्या पिचरला ओळीनं तीन होम रन (आपल्या षटकारासारखे, चेंडू थेट कुंपणाबाहेर) मारले. पहिल्याच दिवशी तीन! सामना मात्र कब्ज १२-८ असा हरले, आणि ऱ्होड्सचे त्या अख्ख्या मोसमात मिळून आठच होम रन झाले. पुढे तो जपानला गेला आणि २००१मध्ये तिथे त्यानं एका मोसमात ५५ मारले. १९९४च्या त्या दुपारी मैदानात असलेली माणसं आजही भेटतात, आणि हरल्याचं कोणी आधी सांगत नाही. तेव्हा "जिंकणार का?" हा प्रश्न मुलांना घरीच सोडायला सांगा.

मुलांसाठी ग्लव्ह घ्यायचा असेल तर आत्ताच घ्या, आदल्या दिवशी घेऊन उपयोग नाही. नवं कातडं फळीसारखं ताठ असतं, चेंडू आत बसत नाही. दुकानात ग्लव्हसाठीचं तेल किंवा मलम मिळतं, ते बोटभर घेऊन पंजाच्या खोलगट भागात आणि सांध्यांवर चोळा. जास्त नको, कातडं जड होतं. मग त्या खोलगट भागात एक चेंडू ठेवून ग्लव्ह मिटायचा आणि करकचून बांधायचा. मी परकराची नाडी वापरते, ती घसरत नाही. रात्रभर गादीखाली, दिवसा मुलाच्या हातात, आणि रोज वीस-पंचवीस झेल. तीनेक आठवड्यांत ग्लव्ह आपसूक मिटायला लागतो आणि आतून येणारा आवाज बदलतो: आधी थप्प, मग खणखणीत टप्. लवकर मऊ व्हावा म्हणून ओव्हनमध्ये अजिबात ठेवू नका, कातडं तडकतं. आणि आपण क्रिकेटवाली माणसं इथे हमखास चुकतो म्हणून सांगते: ग्लव्ह ज्या हातानं फेकतो त्या हातात नाही, दुसऱ्या हातात घालायचा. उजव्या हातानं फेकणाऱ्या पोराला डाव्या हाताचा ग्लव्ह हवा.

नियमांची उजळणी एका संध्याकाळी उरकते. पिचरला चेंडू टाकायला बेसवर, म्हणजे धावेच्या टप्प्यांवर, कोणी नसेल तर १५ सेकंद, असेल तर १८. हे घड्याळ २०२३मध्ये आलं आणि सामना जवळजवळ पंचवीस मिनिटांनी आखडला, म्हणून लहान मुलांना आणायला आता धीर होतो. २०२६च्या मोसमापासून अंपायरनं चेंडू बॉल (बॅटरच्या आवाक्याबाहेरचा) दिला की स्ट्राइक (आवाक्यातला) यावर दाद मागता येते. प्रत्येक संघाला दोन संधी, दाद बरोबर निघाली तर संधी शाबूत. मागायची फक्त बॅटर, पिचर किंवा कॅचरनं, आणि तीही लगेच, डोक्यावर हात थोपटून. ती खूण बघायला मुलांना शिकवून ठेवा.

आता कपडे, आणि इथे मात्र माझं ऐकाच. एप्रिलचं ऊन बघून फसू नका. रिग्लीपासून मिशिगन सरोवर मैलभरही लांब नाही. सरोवराकडून वारा सुटला की शहरात आत बरं ऊबदार असतं आणि मैदानात हाडं गोठतात. २०१८मध्ये ९ एप्रिलचा घरचा पहिला सामना बर्फामुळे दुसऱ्या दिवसावर ढकलावा लागला होता. आत थर्मल, त्यावर लोकरी स्वेटर, त्यावर वारा अडवणारं जाकीट, आणि संघाचा शर्ट घालायचाच असेल तर सगळ्यात वरून, ऐसपैस मापाचा. कानटोपी, हातमोजे, दोन-दोन मोजे. बसायला जुनी घडी घातलेली शाल, कारण थंडी खुर्चीतून वर चढते. तिसऱ्या बेसच्या बाजूला छपराखाली बसणार असाल तर ऊन तुमच्यावरून लवकर जातं, आणखी एक थर घ्या.

तो वारा नुसता सोसायचा नाही, वाचायचाही असतो. मधल्या मैदानामागे १९३७पासूनचा हिरवा धावफलक आहे, आजही माणसं आत बसून हातानं आकडे लावतात. त्याच्या माथ्यावरच्या झेंड्यांकडे बघा. झेंडे मैदानाच्या आत फडफडत असतील तर होम रनसारखा उडालेला चेंडू हवेत अडतो आणि झेलात जातो. बाहेर फडफडत असतील तर साधा फटकाही भिंतीपलीकडे वेव्हलँड अव्हेन्यूवर पडतो, तिथे ग्लव्ह घेऊन माणसं उभीच असतात. भिंतीवरची ती प्रसिद्ध हिरवी वेल मात्र या दिवशी दिसणार नाही. एप्रिलमध्ये विटांवर नुसत्या तपकिरी काड्यांचं जाळं असतं, पानं मे महिन्यात. मला ती उघडी भिंतच जास्त आवडते, विटा दिसतात. २०१६मध्ये १०८ वर्षांनी कब्ज वर्ल्ड सिरीज, म्हणजे मोसमाची अंतिम मालिका, जिंकले, तेव्हा या मैदानाच्या बाहेरच्या विटांवर लोकांनी रंगीत खडूंनी नावं लिहिली होती: आजोबा, आई, काका, जे हा विजय बघायला उरले नव्हते त्यांची. हात पोहोचेल तिथवर अख्खी भिंत भरली होती. पहिल्यांदा येताय, तर आत शिरण्याआधी त्या भिंतीला एकदा हात लावा.

गाडी आणू नका. आमच्याकडून यलो लाइननं हॉवर्डला या, तिथून रेड लाइननं ॲडिसन. फलाटावरूनच मैदान दिसतं. सामना दुपारी १:२०चा असेल तर आम्ही साडेदहालाच निघतो. तिकीट फोनवर असतं, तेव्हा फोन पूर्ण चार्ज आणि तिकिटं आदल्या रात्रीच उघडून बघितलेली हवीत. बॅग केवढी चालते ते संघाच्या साइटवर त्याच आठवड्यात बघा. सकाळी पोटभर पोहे किंवा उपमा खाऊन निघा. आत भाजक्या शेंगा घ्यायच्या आणि टरफलं खुशाल पायाशी टाकायची, तसाच रिवाज आहे. हॉट डॉग खाणाऱ्यांनी त्यावर केचप मागू नये, शिकागोत ते चालत नाही.

सातव्या डावाच्या मध्यावर सगळं मैदान उभं राहून 'टेक मी आउट टू द बॉल गेम' हे गाणं म्हणतं. समालोचक हॅरी केरी खिडकीतून हात हलवत ते म्हणून घ्यायचे. ते १९९८मध्ये गेले, तेव्हापासून पाहुणे म्हणवून घेतात. शब्द सोपे आहेत, मुलांकडून आधी दोनदा म्हणवून घ्या. प्रतिस्पर्धी संघाचा होम रन तुमच्या हातात पडला तर तो परत मैदानात फेकायचा. मुलाला हे आधीच समजावून ठेवा, नाहीतर ऐन वेळी रडारड होईल. एक जुना चेंडू खिशात असू द्या, तो त्याला लगेच देता येतो.

झेंड्याचंही आधीच बघा. जिंकल्यावर धावफलकावर पांढरा झेंडा चढतो, त्यावर निळं डब्ल्यू. हरल्यावर निळा झेंडा. पांढरा झेंडा घरासाठी मिळतो. पाडवा आणि ओपनिंग डे आगेमागेच येतात. २०२५मध्ये अमेरिकेत मोसम २७ मार्चला सुरू झाला आणि ३० मार्चला पाडवा होता. तेव्हा गुढी उतरवल्यावर तिची काठी गराजच्या कोपऱ्यात टाकू नका. धुऊन पुसून दाराशी ठेवा, आमच्याकडे झेंड्याला तीच काठी लागते.

आणि आता सामना लिहायची वही. माझ्या मते सगळ्या तयारीत हिचा नंबर पहिला, शेवटी लिहिलं ते सावकाश सांगता यावं म्हणून.

माझे वडील, आम्ही त्यांना अप्पा म्हणतो, मुंबईत कांगा लीगचे सामने लिहायचे. भर पावसाळ्यातली स्पर्धा, मांडीवर स्कोअरबुक, वर छत्री. २०२३मध्ये ते आमच्याकडे होते आणि ३० मार्चला मी त्यांना रिग्लीवर नेलं. पहिले दोन डाव ते गप्प होते. मग त्यांनी माझ्या हातातली वही घेतली आणि म्हणाले, "मला क्षेत्ररक्षकांचे नंबर सांग."

नंबर असे: पिचर १, कॅचर २, पहिला बेस ३, दुसरा ४, तिसरा ५, शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला) ६, मग डावं, मधलं आणि उजवं मैदान ७, ८, ९. शॉर्टस्टॉपनं चेंडू उचलून दुसऱ्या बेसला दिला, तिथून पहिल्या बेसला गेला आणि दोघे बाद झाले, की लिहायचं ६-४-३. एवढ्या तीन आकड्यांत चेंडू कुठून कुठे गेला ते सगळं आलं. स्ट्राइकआउट झाला, म्हणजे बॅटर तीन स्ट्राइकवर बाद झाला, की इंग्रजी के. बॅट न फिरवता नुसता बघत राहून बाद झाला, की तोच के उलटा. हा के आला कसा, तर 'स्ट्रक' या शब्दाच्या शेवटच्या अक्षरावरून. तो रुळवणारा हेन्री चॅडविक जन्मानं एक्सेटरचा इंग्रज, न्यूयॉर्कमध्ये क्रिकेटच्या बातम्या लिहायचा. हे ऐकल्यावर अप्पा म्हणाले, "मग हा आपल्याच घरातला माणूस." आणि पेन्सिलीला टोक करायला घेतलं.

त्याच सामन्यात तिसऱ्या डावात अंपायरनं कब्जचा पिचर मार्कस स्ट्रोमन याला वेळ लावल्याबद्दल दंड केला, बॅटरच्या खात्यात एक बॉल फुकट. मेजर लीगच्या इतिहासात घड्याळावरून झालेला हा पहिला दंड. सगळे ओरडत होते. अप्पा मात्र वही समोर धरून मला विचारत होते, "हे कुठल्या रकान्यात लिहायचं?" मला माहीत नव्हतं. त्यांनी समासात बारीक अक्षरात लिहिलं: 'घड्याळ.' खाली अधोरेखित केलं. कब्ज ४-० जिंकले.

आता ते दादरला असतात. इथे १:२० वाजतात तेव्हा तिथे रात्रीचे ११:५०. दुपारी झोप काढून ते जागतात, मांडीवर वही घेऊन. २०२५मध्ये कब्जचे पहिले दोन सामने टोकियोत झाले. तेव्हा पहाटे ५:१०ला उठायची पाळी माझी होती, त्यांच्याकडे दुपारचे ३:४० वाजले होते आणि हाताशी चहा. सामना संपला की आम्ही फोनवर दोन्ही वह्या ताडून बघतो. फरक पडतो तो बहुतेक चुकीच्या क्षेत्ररक्षणावर: चूक धरायची की बॅटरचा हिट, म्हणजे त्यानं फटक्यावर कमावलेला बेस? अप्पा क्षेत्ररक्षकाला सहसा सूट देत नाहीत.

अप्पांना मी एक नोंद सांगितली होती, ती मुलांनाही सांगा, पानांवरचे आकडे कसे बोलतात ते त्यांना कळेल. १६ एप्रिल १९४०ला याच शहराच्या दक्षिण भागात, कोमिस्की पार्कवर, क्लीव्हलँडचा पिचर बॉब फेलर यानं शिकागोच्या दुसऱ्या संघाला, व्हाइट सॉक्सला, ओपनिंग डेलाच एकही हिट दिला नाही. ओपनिंग डेला असं क्वचितच कोणाला जमलं आहे. मोसमाचा पहिलाच सामना, म्हणून सकाळी व्हाइट सॉक्सच्या प्रत्येकाची सरासरी शून्य होती, आणि संध्याकाळीही शून्यच.

तर साधी चौकटींची वही पुरेल. दोन पेन्सिली, शिसं मऊ, कारण थंडीत बोटं आखडतात आणि कडक पेन्सिल उमटत नाही. टोकयंत्र, खोडरबर. पेन नको, एक सर आली की पान गेलं. हातमोज्यांपैकी उजव्याचा अंगठा आणि तर्जनी कापून घ्या.

आदल्या रात्री जेवणं झाल्यावर ओट्याजवळ बसून मी पान आखते. डावीकडे नऊ ओळी, वर नऊ डाव, प्रत्येक चौकोनात बेसचा छोटा हिरा. वर तारीख आणि दोन्ही संघांची नावं. खेळाडूंची नावं मात्र लिहायची नाहीत, क्रम दुसऱ्या दिवशी सामन्याच्या काही तास आधी जाहीर होतो. मग पानाचा फोटो दादरला पाठवायचा. तिथे तेव्हा सकाळ झालेली असते, आणि पाचच मिनिटांत अप्पांच्या आखलेल्या पानाचा फोटो येतो. त्यांची समासाची रेघ माझ्यापेक्षा रुंद असते.