मोटरचा स्नो ग्लोब बंद पडलाय? काच उघडण्याआधी या चुका टाळा

आमच्या नागपुरात आभाळातून पांढरं काही पडलंच तर गारा, आणि त्याही संत्र्याचा बहार झोडपायला. त्यामुळे शोकेसमधल्या बर्फाचं कौतुक जरा जास्तच. बहिणीने परदेशातून आणलेला माझा स्नो ग्लोब, म्हणजे आत पांढरे कण तरंगणारा पाण्याचा गोळा, एका एप्रिलमध्ये थांबला. खालचा दिवा लागायचा, मोटर घुंघुं करायची, पण आतला एक कण हलेना. मी काय केलं, तर पहिल्याच संध्याकाळी ब्लेडने गोळ्याचं सील कापलं. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच.

कारण बिघाड बहुतेक वेळा बुडात असतो, गोळ्यात नसतो. पुष्कळ ग्लोबमध्ये मोटरच्या दांड्यावर एक चुंबक असतो आणि पाण्यातल्या इवल्या पंख्यात दुसरा. मधे काच किंवा प्लास्टिक. खालचा फिरला की वरचा त्याच्या मागे फिरतो. (काही ग्लोबमध्ये दांडाच रबरी सीलमधून आत जातो. तिथे गळती झाली की पाणी थेट मोटरमध्ये उतरतं.) माझ्या ग्लोबचा खालचा चुंबक उन्हाळ्यात गोंद सुटून दोन-तीन मिलिमीटर खाली सरकला होता, बस एवढंच. दांड्यावर वर सरकवून चिकटवला असता तर काम दहा मिनिटांचं होतं.

म्हणून आधी परीक्षा घ्या. बुडाचे स्क्रू दिसत नसतील तर फेल्ट किंवा रबरी पायांखाली दडलेले असतात. गोळा वेगळा निघत असेल तर त्याच्या तळाशी एखादा बऱ्यापैकी ताकदीचा चुंबक धरून हळू गोल फिरवा. आतला पंखा हलला तर आत सगळं ठीक आहे, काचेला हात लावू नका. नाही हलला तर पंखा अडकलाय. कूलरचा पंप वर्षभर पडून राहिला की मार्चमध्ये क्षारांनी जाम झालेला सापडतो ना, तसंच. गोळा रात्रभर उलटा ठेवा, अलगद हलवा, पुन्हा चुंबक फिरवा. पुष्कळदा एवढ्यानेच सुटतो.

दिवाही नाही आणि आवाजही नाही, तर सेलचा खण बघा. अल्कलाइन सेल गळले की पट्ट्यांवर पांढरी बुरशी दिसते. ती पाण्याने धुवायला जाऊ नका. कापसाच्या बोळ्यावर थोडं व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घेऊन पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून वाळू द्या. आणखी एक गंमत: चार्जिंगचे सेल 1.2 व्होल्टचे असतात. तीन घातले तर 4.5 ऐवजी 3.6 व्होल्टच मिळतात, आणि मोटर दमल्यासारखी फिरते. तिला बिघाड समजू नका. उलट, घरात पडलेला 9 किंवा 12 व्होल्टचा अडॅप्टर जोडून ‘बघू तर’ म्हणणाऱ्यांनी मोटर जाळलीच समजा. मोटर खरंच गेली असेल तर व्होल्टेज आणि दांड्याची जाडी लिहून जुनी मोटर सोबत घेऊनच बर्डीवर (आमच्या नागपूरचा सीताबर्डी बाजार) जा. नुसत्या फोटोवरून आणलेली बसत नाही.

तरीही गोळा उघडायची वेळ आलीच, तर हातमोजे घाला आणि लहान मुलांना लांब ठेवा. काही ग्लोबच्या पाण्यात इथिलीन ग्लायकॉल असतं. ते गोडसर लागतं आणि विषारी आहे. नवं पाणी नळाचं नको. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर आणि मेडिकलमधलं थोडं ग्लिसरीन घ्या. ‘थोडं’ म्हणजे खरंच थोडं. ग्लिसरीनने कण सावकाश उतरतात हे खरं, पण दाट पाण्यात पंख्याला ओढ बसते, चुंबकाची पकड सुटते आणि आपण पुन्हा मोटरला शिव्या देतो. कण एकमेकांना चिकटू नयेत म्हणून साबण घालतात, त्याचाही एकच थेंब. जास्त घातला की पंखा फेस काढतो. बंद करताना इन्स्टंट गोंद वापरू नका. त्याच्या वाफेने ॲक्रिलिकवर पांढरी झाक चढते. अॅक्वेरियमचं सिलिकॉन लावा आणि पूर्ण 24 तास हात लावू नका.

डिसेंबरात काठोकाठ भरणं ही खास आपल्याकडची चूक. 20 अंशांवरून 45 अंशांवर जाताना पाणी सुमारे 0.8 टक्के फुगतं. अर्धा लिटरच्या गोळ्यात ते 4 मिलिलिटर होतात. त्यांना जागा नसेल तर नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, सील तरी सुटेल, नाहीतर काच तडकेल.

आणि ऊन. 1900 च्या सुमारास व्हिएन्नात एर्विन पर्झी हे शस्त्रक्रियेची उपकरणं बनवणारे कारागीर दिव्याचा उजेड वाढवायच्या खटपटीत होते. पाण्याच्या गोळ्यात त्यांनी रवा टाकून पाहिला, उजेड काही वाढला नाही, पण स्नो ग्लोब सापडला. पाण्याने भरलेला गोळा उजेड एका जागी गोळा करतो हे मात्र खरंच आहे. खिडकीतल्या ग्लोबने पडदा किंवा लाकूड पेटल्याच्या घटना घडल्या आहेत. आपल्या मे महिन्यात हा प्रयोग करून बघू नका.

माझा ग्लोब आता पश्चिमेच्या खिडकीपासून लांब, टीव्हीच्या कपाटात असतो. डिसेंबरात त्यात बोराएवढा बुडबुडा दिसतो, मेअखेर हरभऱ्याएवढा.