पडद्याची दांडी चौकटीच्या वर बसवा
मुंबईतील वन रूम किचनमध्ये खिडकी लहान असली, तरी पडद्याची दांडी चौकटीलगत न बसवता १५ ते २० सेंटीमीटर वर आणि दोन्ही बाजूंना तितकीच बाहेर घेतल्यास पडदा सरकवल्यावर काच मोकळी राहते, उजेड वाढतो आणि छत उंच भासते. चुण्या नीट पडाव्यात म्हणून कापडाची रुंदी दांडीच्या दुप्पट धरावी. येथे काटकसर केल्यास पडदा ताणलेल्या चादरीसारखा दिसतो. सुती कापड आटते, म्हणून ते शिवण्यापूर्वी भिजवून वाळवावे. पावसाळ्याच्या दमट महिन्यांत जाड अस्तराला बुरशी येते. त्यामुळे पश्चिमेच्या उन्हाची खिडकी वगळता पातळ, लवकर वाळणारे कापडच मला योग्य वाटते. समुद्राजवळच्या खाऱ्या हवेत लोखंडी दांडी गंजते, तेथे स्टेनलेस स्टीलची घ्यावी.